मागं बसून बघितलासा का?

“बाई, गाड्यांच्या किमती गेटावर लावताय व्हय?”

वॉचमन माझ्या हातातला पुठ्ठा मान तिरकी करून वाचत होता. पुठ्ठ्यावर तीन चौकोन आखलेले होते आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: आमचे ध्येय, आमची दृष्टी, आमची मूल्ये. चौकोन रिकामे होते. ते भरून आणण्यासाठीच पुण्याच्या जाहिरात कंपनीनं मला एसटीत बसवून कोल्हापूरला धाडलं होतं.

“किमती नाहीत हो,” मी म्हटलं. “मूल्ये म्हणजे तत्त्वं. कंपनी कशाला मानते, ते.”

“आसं व्हय.” त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “आन् दृष्टी? नजर लागू नये म्हणून आसंल, तर लिंबू-मिरची बांधलीया की वर.”

मी हसले नाही. तेव्हा मी पंचविशीत होते आणि स्वतःच्या नोकरीला फार मान देत होते. आता आठवलं की हसू आवरत नाही.

नरंदेकर मोटर वर्क्स हा कारखाना कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना केर्ल्याच्या अलीकडे होता. तिथं मोटारसायकली बनायच्या. गोल दिवा, लांब सपाट सीट आणि सीटच्या मागे हात मावेल असं जाड लोखंडी हँडल. गवळी, मास्तर, नवी लग्नं झालेली जोडपी ही त्यांची गिऱ्हाइकं. पण दिवस बदलले होते. मोठ्या कंपन्यांच्या चपळ, रंगीत गाड्या आल्या होत्या आणि पोरांना नरंदेकरची गाडी म्हणजे मामांची गाडी वाटू लागली होती. म्हणून कारखान्यानं नवी गाडी काढली होती. नाव ‘भारद्वाज’. दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी तिच्यावरचं कापड ओढायचं, दिवाळीत ती रस्त्यावर दिसायला हवी, असं ठरलं होतं. भारद्वाज चालली नाही तर कारखाना चालणार नाही, हे तिथल्या चहावाल्यालाही माहीत होतं.

ही गाडी घडवली होती विजयमालाताईंनी. मालकांची एकुलती एक मुलगी, शिकलेली इंजिनियर, वय पस्तिशीच्या आसपास, केस आखूड, पायांत कारखान्यातले जाड बूट. कोल्हापूरच्या मुलींसारख्या त्या “मी जातो, मी करतो” असं बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते शोभायचंही.

“चौकोन लवकर भरा, दामले,” त्या म्हणाल्या. “गाडी बघून घ्या, मग आप्पांशी बोला. आप्पा फार बोलणार नाहीत. मी पाच वर्षं हिच्या मागं आहे, मला विचारलंत तर रात्र पुरायची नाही.”

त्यांनी गाडी दाखवली. खरंच देखणी होती. भारद्वाज पक्ष्यासारखेच काळ्या अंगावर विटकरी पंख, मागचं टोक बारीक होत वर उचललेलं. लाइनीवरून उतरलेली ती पहिली गाडी होती आणि तिच्याभोवती उभी असलेली माणसं नवी नवरी बघायला आल्यासारखी हळू आवाजात बोलत होती.

दुपारी मी कँटीनमध्ये जेवायला गेले. शेजारच्या टेबलावर खरेदीखात्याचे एक गृहस्थ कँटीनसाठी आणायच्या नव्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कौतुक करत होते. स्वस्त, हलक्या, धुवायला सोप्या. समोर इंगवले नावाचे म्हातारे वेल्डर भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “मागं बसून बघितलासा का?”

गृहस्थांनी ताट उचललं. मग उठले, कोपऱ्यात नमुन्याची खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसले आणि तिथंच बसून जेवले. जेवण संपता संपता त्यांनी कंबर चोळली आणि खुर्च्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

मला मोठी गंमत वाटली. नंतर हेच वाक्य मला सगळीकडे ऐकू यायला लागलं. कामगारांच्या बसची वेळ बदलायची होती, तिथं कोणीतरी हेच विचारलं. स्वयंपाकी नव्या मसाल्याची आमटी घेऊन आला, त्यालाही हेच. आमटीच्या मागं कसं बसणार, कळेना. मी इंगवल्यांना अर्थ विचारला.

“उद्या आप्पा बसत्यात न्हवं गाडीवर,” ते म्हणाले. “तवा बघा.”

आप्पा म्हणजे धोंडीराम नरंदेकर, कारखान्याचे मालक. त्यांच्याकडे संध्याकाळी गेले, तर ते एका उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. बारीक अंगाचे, सत्तरीचे, डोक्यावर टोपी. मी पुठ्ठा समोर धरला.

“आप्पा, तुमच्या कंपनीचं ध्येय काय?”

“चांगली गाडी करायची.”

“ते सगळेच करतात. वेगळं काय?”

त्यांनी बराच विचार केला. “वेगळं काय न्हाई बघा,” असं म्हणून ते पुन्हा इंजिनात शिरले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “उद्या सकाळी या. लाइनीवरची पहिली गाडी पन्हाळ्याला जाऊन येती, तशी पद्धत हाय. त्याच्या आधी लिहू नगा काय.”

पहिल्या गाडीची ही पद्धत कारखान्याइतकीच जुनी होती आणि आप्पांनी आजवर एकही गाडी परत पाठवली नव्हती. विजयमालाताईंनी मला ते हसत हसत सांगितलं. नारळ फोडण्यासारखा तो एक सोपस्कार होता.

सकाळी सगळा कारखाना गेटाशी जमला होता. मी मनात चित्र रंगवलं होतं. हा सत्तरीचा माणूस, ज्यानं लष्करानं टाकलेल्या भंगारातून पहिली मोटारसायकल उभी केली, तो आता स्वतःच्या नव्या गाडीला टाच मारणार. फोटोग्राफर आणला नाही म्हणून मी स्वतःवर चिडले होते.

गर्दीतून एक म्हातारी बाई पुढं आली. उंच, हाडापेरानं मोठी, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. मला वाटलं, ओवाळायला आली. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं खरं, पण तबक शेजारच्या बाईच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला, काष्टा मागून एकदा चापून बघितला आणि टांग टाकून हँडल धरलं.

“अवो, बसताय न्हवं?” ती म्हणाली.

आणि आप्पा, टोपी घट्ट करून, गुपचूप तिच्या मागं बसले.

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. विजयमालाताईंनी मला जीपमध्ये ओढून घेतलं. “आमची आई,” त्या म्हणाल्या. “हौसाक्का. माहेरी पाटलांच्या घरी घोडी होती, ती तिच्यावर बसून मळ्यात जायची. आप्पांनी पहिली गाडी केली ती हिनंच चालवली. लोक दगड मारायचे म्हणे सुरुवातीला. मग दगड मारायला कुणी जवळच पोचेना.”

आम्ही जीपनं मागोमाग निघालो. हौसाक्का काय चालवत होती! सरळ रस्त्याला तिनं गाडी अशी सोडली की जीपला दम लागला, आणि वाघबिळापासून घाट सुरू झाल्यावर प्रत्येक वळणाला गाडी एवढ्या सहज कलायची, जशी म्हशीनं रोजच्या वाटेवर मान वळवावी. मला हेवा वाटला. लहानपणापासून मी वडिलांच्या मागं, मग भावाच्या मागं बसले होते, कडेनं, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. मोटारसायकलच्या पुढच्या सीटवर बसलेली म्हातारी मी तोवर पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही पाहिली नाही.

चढ झाला. वर पोचल्यावर गाडी न थांबताच वळली आणि उतार सुरू झाला.

उतारावर मी आप्पांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात सीटच्या मागं गेला आणि काहीतरी शोधू लागला. तिथं काहीच नव्हतं. जुन्या गाड्यांना असलेलं ते जाड हँडल भारद्वाजला नव्हतं. बारीक टोक उठून दिसावं म्हणून शेवटच्या काही महिन्यांत काढून टाकलं होतं. हात पुन्हा मागं गेला, पुन्हा रिकामा आला. उंच सीटवरून आप्पा प्रत्येक ब्रेकला पुढं घसरत होते आणि फूटरेस्ट वर घेतलेला, गुडघे पोटाशी आलेले, त्यामुळे त्यांना सावरता येत नव्हतं. शेवटी त्यांनी हौसाक्काच्या खांद्याचा पदर मुठीत धरला.

विजयमालाताईंनीही ते बघितलं. गियर बदलायला हवा होता तिथं त्यांनी बदलला नाही आणि जीप गुरगुरली.

वाघबिळाच्या खाली वडाजवळ हौसाक्कानं गाडी थांबवली. आप्पा उतरले. दोन्ही हात त्यांनी धोतराच्या सोग्यात लपेटून घेतले होते.

“काय, आप्पा?” ताई जवळ जाऊन म्हणाल्या. “बोला की.”

“पळती चांगली. आवाज लई गोड हाय.”

“पण?”

“तू मागं बसून बघितलंस का?”

मला वाटलं नव्हतं तितक्या ताई भडकल्या. “मी हजार वेळा हा घाट उतरलोय, आप्पा! मागच्या सीटवर वाळूची पोती बांधून उतरलोय. पोतं एकदाही हललं नाही.”

“पोतं भीत न्हाई, माला.”

“पोरं गाडी घेतात ती पुढून बघून घेतात. त्या हँडलानं मागचं टोक बोजड दिसतंय. दोन वर्षं आपली गाडी कुणी घेईना, ते कशामुळं? दसरा आलाय. दिवाळी हातची गेली तर कारखाना राहील का?”

“ठाऊक न्हाई,” आप्पा म्हणाले.

एवढंच. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मालक बघितले, तेव्हाही आणि नंतरही. त्यांच्यातल्या कोणाच्याही तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. आप्पांनी ते लाजून म्हटले नाहीत, रागानंही नाही. ठाऊक नव्हतं म्हणून ठाऊक नाही म्हणाले.

“पर त्या पोरांच्या मागं कोण तरी बसणार,” ते पुढं म्हणाले, “एवढं ठाऊक हाय. गाडी तुझी. सोडायची तर सोड, मी अडवत न्हाई. निस्तं बसून ये.”

हौसाक्का गाडीवरून उतरलीच नव्हती. इंजिन चालू होतं. तिनं मान वळवून मागच्या सीटवर हात थोपटला. “ये गं, बस.”

आठवीत गाडी हातात आल्यापासून विजयमालाताई कुणाच्या मागं बसल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की ही धीट बाई क्षणभर सीटकडे बघत उभी राहिली आणि मग बूट आपटत जाऊन बसली. गाडी घाटात दिसेनाशी झाली.

आप्पा वडाच्या पारावर टेकले. मी बाटलीतून पाणी दिलं. त्यांनी हात सोग्यातून बाहेर काढले, तर ते इतके थरथरत होते की अर्धं पाणी गळ्यावर सांडलं.

“आप्पा, बरं वाटत नाहीये का? या वयात इतका प्रवास...”

“वयाचं काय न्हाई.” त्यांनी बाटली खाली ठेवली. “मला भ्या वाटतं.”

“कसलं?”

“गाडीचं.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते हसत नव्हते. लहान मूल सांगतं तसं त्यांनी सरळ सांगितलं. “इंजिनाचं न्हाई. इंजिनाच्या पोटात मी झोपून जाईन. पर गाडी जागची हलली की माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्यापासनं. काही माणसास्नी पाण्याचं भ्या आसतं, तसं. मला चालवाय येत न्हाई, दामलेबाई. शिकलोच न्हाई.”

“मग हा कारखाना?”

“गाडी केली, पर बसवंना. हौसा म्हणाली, मी चालवतो, तुमी मागं बसा. बसलो. मेलो म्हटलं. घरी आल्याबरोबर मागं हँडल जोडलं, धराय. फुडल्या टायमाला पाय लोंबायला लागलं म्हणून फूटरेस्ट खाली घेतला. मग सीट सपाट केली. जिथं जिथं भ्या वाटलं, तिथं तिथं काय तरी जोडत गेलो. आसं करत करत गाडी झाली.” ते घाटाकडे बघत होते. “लोक म्हणाय लागले, नरंदेकरच्या गाडीवर बाया-पोरं बिनघोर बसत्यात. मी म्हटलं, बसणारच की. त्यांच्या आधी मी भिऊन आलोय.”

मोटारसायकलचा कारखाना काढलेला माणूस मोटारसायकलला भीत होता, आणि प्रत्येक नव्या गाडीच्या वेळी सगळ्या गावासमोर टोपी घट्ट करून तिच्यावर बसत होता. माझे डोळे भरून आले. पुठ्ठा जीपमध्ये पडला होता आणि त्याच्यावरचे चौकोन मला फार लहान वाटायला लागले.

“कारखान्यात माहीत आहे हे?”

“समद्यास्नी. मालालाच न्हाई.” पहिल्यांदा ते हसले. “बाप भितो म्हणून पोरगी भ्याली तर? म्हणून सांगितलं न्हाई.”

गाडीचा आवाज आला. हौसाक्का वळणावरून उतरली ती चढताना होती त्यापेक्षाही वेगात. मुद्दाम, असं मला तेव्हाही वाटलं. विजयमालाताई आईच्या पाठीला चिकटल्या होत्या आणि दोन्ही हातांनी तिची कंबर धरून होत्या. गाडी थांबली. ताई उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि वडाला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हौसाक्कानं इंजिन बंद केलं.

“आप्पा,” ताई म्हणाल्या, “उतारावर मी डोळे मिटले होते.”

आप्पांनी मान हलवली. जिंकल्याचा एकही भाव त्यांच्या तोंडावर नव्हता. उलट लेकीला लागलंबिगलं तर नाही ना, असं बघत होते.

“दसऱ्याला ही गाडी जाणार नाही,” ताई म्हणाल्या. “मी सगळ्या डीलरांना आजच फोन करतो.”

परत जायची वेळ झाली. मी जीपचं पुढचं दार आप्पांसाठी उघडून धरलं. ताई पण म्हणाल्या, “जीपमधनं चला आता. बघायचं ते बघून झालं.”

“आन् तुजी आई एकटीच जाईल व्हय?” आप्पा म्हणाले. त्यांनी टोपी घट्ट केली आणि हौसाक्काच्या मागं जाऊन बसले.

तिनं मागं न बघता विचारलं, “बसला?”

“बसलो.”

“धरा मला.”

कारखान्यात ताई एका लाकडी खोक्यावर चढल्या आणि सगळ्यांना सांगितलं. गाडी थांबवतोय, मागची सीट आणि टोक नव्यानं करायचं आहे, दिवाळी हातची जाणार, पुढचे महिने कठीण आहेत. एवढ्या माणसांची घरं त्या दिवाळीवर उभी होती. कोणीही ओरडलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

इंगवले वेल्डर पुढं आले. “ताईसाब, तुमी मागं बसून बघितलासा का?”

“बघितलं.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि हँडलासाठी पाइप शोधायला रॅककडे निघाले. त्यांच्या मागून आणखी कोणीतरी निघालं. थोड्याच वेळात शेडमध्ये रोजच्यासारखा ठणठणाट सुरू झाला.

मी पुण्याला परत आले ती एकच ओळ घेऊन: मागे बसणाऱ्याला भीती वाटू नये. साहेबांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. “हे ध्येय झालं. दृष्टी आणि मूल्ये कुठायत?” मी म्हटलं, तिन्ही तीच आहेत. त्यांनी मला पुष्कळ ऐकवलं आणि उरलेल्या चौकोनांत स्वतःच काहीतरी भारदस्त लिहून पाठवलं. पुढं कधीतरी त्या रस्त्यानं गेले तेव्हा मुद्दाम गेटाकडे बघितलं. तिथं फक्त माझी ओळ रंगवलेली होती आणि वर लिंबू-मिरची होती.

ती दिवाळी कारखान्याला फार जड गेली. त्या काळात आप्पांनी स्वतः पगार घेतला नाही, असं ऐकलं. भारद्वाज गुढीपाडव्याला निघाली. टोक थोडं बोजड, मागं जाड हँडल. पोरांनी सुरुवातीला नाकं मुरडली. पण त्यांच्या आयांनी, बहिणींनी आणि बायकांनी मुरडली नाहीत. कारखाना फार मोठा झाला नाही. बुडालाही नाही.

आप्पा आणि हौसाक्का आता नाहीत. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं जुनी भारद्वाज कुठूनशी मिळवली, स्वतः दुरुस्त केली आणि मला म्हणाली, “आई, चल, तुला पन्हाळ्याला नेते.” मी तिच्या मागं बसले, दोन्ही बाजूंना पाय टाकून. उजवा हात आपोआप मागं गेला. हँडल जिथं हवं तिथं होतं.

उतार लागला. वाघबिळाच्या वळणावर तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

“काय गं, इतकी गप्प का? भीती वाटतेय?”

“नाही,” मी म्हटलं. “बघतेय.”